वेढा आणि सुरुंग : मेल सर्व्हरच्या सुरक्षिततेचा इतिहास (१९८८ ते २००८)

प्रस्तावना : भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरी देवीचे मंदिर वसईच्या मोहिमेची आठवण जपून आहे. मोहिमेवर असताना चिमाजी अप्पांनी देवीला नवस बोलला व मे १७३९ मध्ये वसई हाती आल्यावर मंदिर उभारून तो फेडण्यात आला, अशी परंपरा सांगते. वसईला मराठ्यांनी वेढाही घातला आणि तटाखाली सुरुंगही लावले. वेढा घालणारा आत शिरत नाही, तो येणे-जाणे बंद पाडतो. सुरुंग मात्र आत जाण्याची वाट करून देतो. मेल सर्व्हरवरील हल्ल्यांचा इतिहास पाहताना हा भेद उपयोगी पडतो. 'डिनायल ऑफ सर्व्हिस', म्हणजे सेवारोध, हा वेढ्याचा प्रकार होय.

एरिक ऑलमन यांनी बर्कले येथे लिहिलेला 'सेंडमेल' हा प्रोग्राम १९८० च्या दशकात युनिक्स संगणकांवर सर्वत्र पसरला. त्या काळचे जाळे विद्यापीठे व संशोधनसंस्था यांचे, म्हणजे बहुतांशी ओळखीच्यांचे होते. प्रोग्राममधील दोष शोधण्यासाठी ठेवलेली 'डीबग' सोय अनेक ठिकाणी तशीच उघडी राहिली. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला 'वर्म' इतर मार्गांबरोबर या सोयीतूनही आत शिरला. त्याने कोणाच्या फायली पुसल्या नाहीत. परंतु एकाच यंत्रावर त्याच्या इतक्या प्रती चालू लागल्या की यंत्रे कामच करीनाशी झाली. सुरुंगातून आत येऊन वेढ्याचा परिणाम साधणारी ही घटना होती. बाधित संगणकांची संख्या सुमारे ६,००० असावी, असा तेव्हाचा अंदाज होता.

शुद्ध वेढ्याचे उदाहरण सप्टेंबर १९९६ मधील आहे. न्यूयॉर्कच्या 'पॅनिक्स' या इंटरनेट सेवा कंपनीच्या मेल व इतर सर्व्हरवर जोडणीच्या खोट्या विनंत्यांचा मारा झाला. विनंती आली की सर्व्हर उत्तर देतो, नोंद ठेवतो आणि पलीकडून दुजोऱ्याची वाट पाहतो. पाठविणाऱ्याचा पत्ताच बनावट असल्याने दुजोरा येत नाही. नोंदींची जागा मर्यादित असते. ती भरली की खऱ्या ग्राहकालाही दार बंद. यात दोष एका प्रोग्रामचा नव्हता, जोडणीच्या मूळ पद्धतीचाच होता. दुजोरा येईपर्यंत नोंदच न ठेवण्याची 'सिन कुकी' ही युक्ती त्याच महिन्यात डी. जे. बर्नस्टीन यांनी मांडली. सेंडमेलला पर्याय म्हणून 'क्यूमेल' लिहिणारे ते हेच, हा योगायोग म्हणता येणार नाही.

महाराष्ट्रापुरते पाहता सर्वांत बोलके प्रकरण ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राचे आहे. ११ व १३ मे १९९८ रोजी पोखरण येथे अणुचाचण्या झाल्या. जूनच्या आरंभी 'मिलवर्म' नावाच्या गटाने केंद्राच्या सर्व्हरमध्ये प्रवेश करून ई-मेल पळविले व संकेतस्थळावर अणुस्फोटाच्या ढगाचे चित्र लावले. सेंडमेलमधील एक परिचित फट त्या वेळच्या वृत्तांतांत कारण म्हणून पुढे आली. हल्लेखोर पंधरा ते अठरा वर्षांची मुले होती, याचेच वृत्तपत्रांना अप्रूप वाटले. इतिहासाच्या दृष्टीने ते गौण आहे. सेंडमेलच्या फटींचा बोभाटा १९८८ पासून होत होता, दुरुस्त आवृत्त्याही निघत होत्या. तरीही दहा वर्षांनी देशाच्या अणुकार्यक्रमाशी निगडित संस्थेचा दरवाजा याच प्रोग्राममधून उघडला. तट कच्चा होता, त्याहूनही डागडुजीची जबाबदारी नेमकी कोणाची, हे ठरलेले नव्हते.

कायद्याचा प्रवासही हेच दाखवितो. १९९८ मध्ये अशा कृत्यांसाठी स्वतंत्र भारतीय कायदाच नव्हता. माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम ४३ ने अनधिकृत प्रवेशाबरोबर अधिकृत व्यक्तीस प्रवेश नाकारला जाईल असे करणेही भरपाईस पात्र ठरविले. वेढा व सुरुंग, दोहोंची दखल घेतली गेली. किल्लेदाराची मात्र नाही. ती २००८ च्या दुरुस्तीतील कलम ४३-अ मध्ये आली आणि तीही व्यापारी वा व्यावसायिक स्वरूपाच्या संस्थांनी संवेदनशील वैयक्तिक माहिती जपण्यात केलेल्या हयगयीपुरती. ट्रॉम्बेसारख्या शासकीय केंद्राच्या टपालद्वाराला ते कलम लागू पडत नव्हते.