डब्यात बुडवलेले सैन्य

अमेरिकेत टेबलावरच्या युद्धखेळांसाठी धातूचे चिमुकले सैनिक ओतण्याचा व्यवसाय कॅलिफोर्नियातील जॅक स्क्रूबी यांच्यासारख्या कारागिरांनी १९५०च्या दशकात रुजवला. १९७४ मध्ये विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा येथून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला, पुढच्याच वर्षी सिनसिनाटीत ‘राल पार्था’ ही मूर्ती ओतणारी कंपनी उभी राहिली आणि या छंदाचा पसारा वाढला. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे बाजारातून रंगवूनच येतात. येथे मात्र रंगकाम खेळणाऱ्याच्याच गळ्यात पडे, आणि पलटणभर सैनिकांच्या कपड्यांच्या चुण्यांत सावली भरता भरता भल्याभल्यांची चिकाटी संपे.

त्यावरची तोड हार्डवेअरच्या दुकानात सापडली. ‘मिनवॅक्स पॉलिशेड्स’ हे लाकडासाठीचे, रंग आणि पॉलियुरेथेन वॉर्निश एकत्र असलेले मिश्रण. त्यात सपाट रंग दिलेली मूर्ती पकडीने बुडवून जोरात झटकली, की द्रव उंचवट्यांवरून ओघळतो, खाचांत साचून तेथे गडद होतो आणि वाळल्यावर कडक कवचही ठेवून जातो. या बुडवणीलाच ‘डिप’ म्हणतात. पॉलिशेड्समधली ‘ट्यूडर’ ही काळपट तपकिरी छटा चामड्याला आणि चिलखताला साजते, पांढऱ्या गणवेशाला मात्र ती मळकट करते. २००७ मध्ये स्थापन झालेल्या ‘द आर्मी पेंटर’ या डॅनिश कंपनीने हीच युक्ती ‘क्विकशेड’ नावाने फिकट, मध्यम व गडद अशा तीन छटांत डबाबंद केली, तरी वॉर्निशची चकाकी मारायला ‘टेस्टर्स डलकोट’सारखा मॅट फवारा लागतोच.