फोन कोणाचा? ओळखीच्या हमीचा दीडशे वर्षांचा इतिहास

१/
पडद्यावर अनोळखी क्रमांक उमटला की 'हा कोण?' हा प्रश्न आज प्रत्येकाला पडतो. दूरध्वनीच्या आरंभकाळात मात्र त्याचे उत्तर देऊ शकणारी एक व्यक्ती प्रत्येक कॉलच्या मध्ये बसलेली असे. ती व्यक्ती कशी नाहीशी झाली आणि तिची जागा भरण्याचे प्रयत्न कसे फसत गेले, त्याचा हा इतिहास.

२/
जानेवारी १८७८ मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन येथे पहिले व्यापारी दूरध्वनी केंद्र सुरू झाले. पुढच्याच महिन्यात तेथील ग्राहकांची यादी छापली गेली. एका कागदावर मावलेल्या त्या यादीत नावे होती, क्रमांक नव्हते. ज्याच्याशी बोलायचे त्याचे नाव केंद्राला सांगितले की पुरे. मुंबई, कोलकाता आणि मद्रास येथे अशी केंद्रे १८८२ मध्ये आली.

३/
केंद्रातील ऑपरेटर फळ्यासमोर बसे. कोणत्या ग्राहकाच्या तारेवरून हाक आली, हे तिला फळ्यावरच दिसे आणि ती हाताने जोडणी करून देई. कोण कोणाशी बोलत आहे, हे तिला ठाऊक असे. आजच्या भाषेत सांगायचे तर ओळख पटवण्याची व्यवस्था म्हणजे ती स्वतःच होती. तिची दुसरी बाजूही होती: मनात आणले तर तिला संभाषण ऐकता येई.

४/
कॅन्सस सिटीत अंत्यविधीच्या व्यवस्थेचा व्यवसाय करणाऱ्या अल्मन स्ट्राउजर यांना या मध्यस्थाचाच संशय आला. आपल्याकडे येणारे फोन ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, अशी त्यांची समजूत झाल्याची कथा सांगितली जाते. कथा कितपत खरी हा प्रश्न वेगळा. मार्च १८९१ मध्ये त्यांना स्वयंचलित जोडणीयंत्राचे पेटंट मिळाले, हे निश्चित.

५/
नोव्हेंबर १८९२ मध्ये इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे स्ट्राउजर यांच्या पद्धतीचे पहिले स्वयंचलित केंद्र सुरू झाले. मध्यस्थ गेला आणि त्याच्याबरोबर साक्षीदारही गेला. यंत्र जोडणी अचूक करी. पण फोन कोणी केला, हे ते घेणाऱ्याला सांगत नसे. निनावी फोनचा जन्म या सोयीतून झाला.

६/
धमकीचे वा छळाचे फोन आले तर शोध कसा घ्यायचा? यांत्रिक केंद्रात कर्मचाऱ्याला जोडणीचा मार्ग एकेका स्विचवरून मागे मागे शोधत जावे लागे. फोन ठेवला की जोडणी सुटे आणि माग पुसला जाई. जुन्या चित्रपटांत पोलीस 'त्याला बोलण्यात गुंतवून ठेवा' असे सांगतात, त्यामागे हे तांत्रिक कारण होते.

७/
भारतात लांबच्या फोनवर ऑपरेटरचे राज्य अधिक काळ टिकले. ट्रंक कॉल लागला की तो कोणत्या गावाहून आहे, हे आधी ऑपरेटरच सांगे. नोव्हेंबर १९६० मध्ये कानपूर-लखनौ मार्गावर थेट डायलिंगची एसटीडी सेवा सुरू झाली. पुढे ती देशभर पसरली आणि दूरच्या फोनमधूनही मध्यस्थ हळूहळू बाजूला झाला.

८/
हरवलेली ओळख परत आणण्याचे श्रेय अनेकांचे आहे. थिओडोर पारास्केवाकोस या ग्रीक-अमेरिकी संशोधकाने १९७० च्या दशकात त्यासंबंधी महत्त्वाची पेटंटे मिळवली. १९८७ मध्ये न्यू जर्सी बेल कंपनीने ग्राहकांना 'कॉलर आयडी' विकत देण्यास प्रारंभ केला. पहिल्या आणि दुसऱ्या घंटेच्या मधल्या शांततेत क्रमांकाची माहिती तारेवरून ध्वनिसंकेतांच्या रूपात पाठवली जाई.

९/
तेव्हाचा मोठा आक्षेप आज नवल वाटावा असा आहे. फोन करणाऱ्याचा क्रमांक दाखवणे हाच त्याच्या खासगीपणावरचा घाला आहे, असे अनेकांचे म्हणणे होते. नवऱ्याच्या मारहाणीमुळे घर सोडून आश्रयगृहात राहणाऱ्या स्त्रीने घरी फोन केला तर तिचा ठावठिकाणा उघड होईल, ही भीती खरी होती. १९९० मध्ये पेनसिल्व्हेनियातील न्यायालयाने ही सेवा बेकायदा ठरवली. पुढे क्रमांक लपवण्याची सोय देण्याचा मध्यम मार्ग अमेरिकेत रूढ झाला.

१०/
या वादात एक गोष्ट सर्वांनी गृहीत धरली होती: दिसणारा क्रमांक खरा असतो. तेव्हा ते बरेचसे योग्यही होते, कारण तो क्रमांक दूरध्वनी कंपनीचे केंद्र पुरवत असे. परंतु मोठ्या कार्यालयांना शेकडो तारांवरून एकच मुख्य क्रमांक दाखवायचा असे. त्यासाठी आपला क्रमांक आपणच कळवण्याची मुभा त्यांना मिळाली. इंटरनेटवरून फोन करणे स्वस्त झाल्यावर याच दरवाजातून ठग आत शिरले.

११/
अमेरिकेने डिसेंबर २०१० मध्ये फसवणुकीच्या हेतूने खोटा क्रमांक दाखवणे गुन्हा ठरवला. तथापि कायदा देशाच्या सीमेपर्यंत, फोन सीमेपलीकडून. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. तेथून अमेरिकी आयकर अधिकारी असल्याची बतावणी करून, अटकेची धमकी देऊन तिकडच्या नागरिकांकडून पैसे उकळले जात होते.

१२/
त्यानंतर अमेरिकेने तांत्रिक उपाय योजला. जून २०२१ अखेरपर्यंत मोठ्या कंपन्यांना इंटरनेट-आधारित जाळ्यावरील प्रत्येक कॉलसोबत डिजिटल स्वाक्षरी जोडणे बंधनकारक झाले. 'हा क्रमांक या ग्राहकाचाच आहे' अशी हमी कंपनी त्या स्वाक्षरीने देते. ऑपरेटरची साक्ष गणिताच्या रूपाने परतली. मात्र ही साक्ष क्रमांकाची असते, बोलणाऱ्याच्या हेतूची नव्हे.

१३/
भारताचा मार्ग थोडा वेगळा. २००७ मध्ये नको असलेल्या जाहिरातींच्या फोनविरुद्ध राष्ट्रीय नोंदवही आली. त्यासाठीचा क्रमांक १९०९. जाहिरातींच्या फोनसाठी १४० ने आरंभ होणारे क्रमांक राखले गेले. दरम्यान, २००९ मध्ये स्टॉकहोममध्ये सुरू झालेले ट्रूकॉलर भारतात घरोघरी पोहोचले. त्यावर दिसणारे नाव बहुधा इतरांनी नोंदवलेले असते. ती लोकांची साक्ष आहे; सरकारी दाखला नव्हे.

१४/
फेब्रुवारी २०२४ मध्ये ट्रायने अधिकृत नाव दाखवणाऱ्या सेवेची शिफारस केली: सिम घेताना अर्जात लिहिलेले नावच समोरच्याला दिसावे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, परदेशातून येऊन भारतीय क्रमांकाचा मुखवटा घालणारे कॉल रोखणारी यंत्रणा सुरू झाली. सरकारी माहितीनुसार पहिल्या २४ तासांतच तिने सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल अडवले.

१५/
याच काळात 'डिजिटल अरेस्ट'चे फोन वाढले. व्हिडिओ कॉलवर गणवेश, मागे पोलीस ठाण्याचा देखावा, आणि 'फोन ठेवलात तर अटक' असा दम. भारतीय कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही. येथे एक विलक्षण उलटापालट दिसते: पूर्वी गुन्हेगाराचा माग काढण्यासाठी पोलीस त्याला बोलते ठेवत, आता खोटा पोलीस सामान्य माणसाला बोलते ठेवतो, कारण फोन ठेवताच घरातल्या कोणाला तरी विचारण्याची सवड मिळते.

१६/
या इतिहासाचे सार एवढेच की फोन करणाऱ्याची ओळख नेहमीच तिऱ्हाइताच्या हमीवर उभी राहिली: आधी ऑपरेटर, मग कंपनीचे केंद्र, आता स्वाक्षरी आणि नोंदवही. प्रत्येक हमीला मर्यादा होती. म्हणून सर्वांत भक्कम उपाय आजही साधाच आहे. बँक वा पोलीस म्हणवणाऱ्याचा फोन ठेवावा आणि पासबुकावर, कार्डाच्या मागे किंवा अधिकृत संकेतस्थळावर छापलेल्या क्रमांकावर आपण होऊन फोन करावा. पैसे गेलेच असतील तर विनाविलंब १९३० वर कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.

#थ्रेड #इतिहास #दूरध्वनी