खुर्चीविना हिल

प्रकाशसंश्लेषणाला उर्दूत ‘ज़ियाई तालीफ’ म्हणतात. दोन्ही शब्द मुलांच्या जिभेला जड, पण प्रश्न साधा आहे: झाड सोडतं तो ऑक्सिजन येतो कुठून? बराच काळ समज होता, कार्बन डायऑक्साइड फुटून. व्हॅन नील यांनी जिवाणूंवरून वेगळा अंदाज बांधला, की तो पाण्यातून येत असावा. या अंदाजाला प्रयोगाचं बळ दिलं केंब्रिजच्या रॉबर्ट हिल यांनी. जवळचे लोक त्यांना रॉबिन म्हणत.

जन्म १८९९चा. पहिल्या महायुद्धानंतर शिक्षण पूर्ण करून १९२२ साली ते हॉपकिन्स यांच्या जीवरसायन विभागात आले. ओढ वनस्पतींच्या रंगद्रव्यांची, पण काम मिळालं रक्तातल्या हिमोग्लोबिनचं. दहाएक वर्षं त्यातच गेली. ती वाया गेली असं कुणाला वाटेल, पण पुढची गंमत पाहा. १९३०च्या दशकात ते पानांकडे वळले. पानं वाटून त्यांनी हरितलवकं वेगळी काढली आणि प्रकाशात ठेवली. त्यातून निघणारा ऑक्सिजन इतका थोडा, की तो मोजायचा कसा? हिमोग्लोबिनने! ऑक्सिजन मिळताच त्याचा वर्णपट बदलतो. रक्ताच्या अभ्यासाने पानाचं कोडं सोडवलं.

नुसत्या लवकांनी फारसं काही होईना. लोहाचा एक क्षार घातला, की ऑक्सिजन निघू लागे. कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनतच नव्हती, तरीही. म्हणजे ऑक्सिजन सुटणं आणि साखर बनणं या दोन वेगळ्या पायऱ्या. हे १९३७ साली प्रसिद्ध झालं. तीच ‘हिल अभिक्रिया’. १९६० साली फे बेंडॉल यांच्यासोबत त्यांनी प्रकाशाच्या दोन टप्प्यांची आकृती मांडली, जी झेड योजना म्हणून मुलांना घोकावी लागते.

आणि पद? ते प्राध्यापक कधी झालेच नाहीत. १९४३पासून १९६६ला निवृत्त होईपर्यंत त्यांची नोकरी कृषी संशोधन परिषदेची होती, काम मात्र केंब्रिजमध्येच. आपल्याकडे बढतीच्या यादीत नाव नसलं की माणूस खचतो, स्टाफरूममध्ये हे रोज दिसतं. हिल निवृत्तीनंतरही प्रयोगशाळेत येत राहिले. रॉयल सोसायटीचं कोपली पदक त्यांना १९८७ साली मिळालं, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी. रंगद्रव्यांची ती जुनी ओढही सुटली नव्हती: रंग देणारी झाडं ते स्वतः लावत आणि त्यांच्या रंगांनी चित्रं काढत.