मनगटावरची अडीच पळं

मी गावची आशा, म्हणजे आरोग्य स्वयंसेविका. नवजात बाळाच्या सातव्या दिवसाच्या भेटीला गेले होते. बाळंतीण माहेरी आलेली, पहिलंच बाळ. ते दूध पिऊन निजलं होतं. मी दुपटं बाजूला केलं, पोटावर नजर लावली आणि श्वास मोजायला लागले. पस्तीस-छत्तीस झाले असतील, एवढ्यात घड्याळ बघायला गेले तर त्याचा पडदा काळा. मनगट झटकल्यावर तो उजळला, पण तोवर मोजणी चुकली आणि बाळ दचकून रडायला लागलं. रडत्या बाळाचे श्वास मोजत नाहीत. ते शांत होऊन पुन्हा झोपेपर्यंत मी तिथेच बसून राहिले.

घरी येऊन मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "आई, हे जुनं झालं. नवीन मॉडेल घेऊ. त्याचा पडदा विझतच नाही." जुनं म्हणजे २०२२ च्या दिवाळीतलं. त्यानंच पहिल्या पगारातून १७९९ रुपयांना आणलेलं. नवीन अडीच हजारांना पडतं. एवढ्या पैशांत घरचा किराणा पंधरा दिवस चालतो, म्हणून लगेच हो म्हणवेना. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या या घरात आजवर किती घड्याळं आली आणि ती कशासाठी आली, ते आठवत राहिले.

आमचं पिशोर कन्नड तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळ. मका, कपाशी आणि आल्याचं गाव. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. माझ्या सासऱ्यांचा, आबांचा, जन्म जुन्या कागदावर फसली सन १३४४ असा लिहिलेला आहे. त्यात ५९० मिळवायचे म्हणजे साधारण इसवी सन निघतो, १९३४-३५. महिना आणि तारीख कुठेच नाही. आजेसासूला विचारलं की ती सांगायची, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दिवस कासराभर वर आला होता तेव्हा. तिचं सगळं आयुष्य या मापानं चाललं. पहाटेची चांदणी, गुरं सुटायची वेळ, दिवेलागण. घड्याळावाचून तिचं काहीच अडलं नाही.

एका कामापुरती मात्र तेव्हाही वेळ मोजावी लागे, ते म्हणजे लग्नाचा मुहूर्त. आजेसासूच्या लग्नात जोशीबुवांनी घटिकापात्र आणलं होतं, असं ती सांगे. तांब्याची लहान वाटी, तिच्या बुडाला बारीक भोक. ती पाण्याच्या घंगाळात तरंगत सोडायची. भोकातून पाणी वर येत येत वाटी भरून बुडाली की एक घटका झाली, म्हणजे आजची चोवीस मिनिटं. अशा साठ घटका म्हणजे एक दिवस-रात्र. एका घटकेची साठ पळं, म्हणून एक पळ चोवीस सेकंदांचं. माझं श्वास मोजायचं काम एका मिनिटाचं आहे. जोशीबुवांच्या हिशोबात ते अडीच पळं होतं.

घरात पहिलं मनगटी घड्याळ आबांनी आणलं, १९७४ साली, कपाशीच्या पैशांतून. एचएमटीचं जनता. जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून एचएमटीनं १९६१ मध्ये बंगळुरूला घड्याळांचा उद्योग उभारला. तोवर चांगलं घड्याळ म्हणजे परदेशी, आणि ते आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरचं. जनता हे रोज चावी द्यायचं घड्याळ, सतरा खड्यांचं, सेकंदाला पाच ठोके देणारं. आबा रोज सकाळी चहाच्या आधी चावी द्यायचे आणि आकाशवाणीच्या बातम्यांआधी 'टूं टूं' वाजलं की काटे जुळवायचे.

१९६१ हे साल आणखी एका गोष्टीचं. हुंडाबंदीचा कायदा त्याच वर्षी जुलैत लागू झाला. कायदा झाला तरी घड्याळ, सायकल आणि रेडिओ ही नवरदेवाची मागणी पुढे कितीतरी वर्षं चालू राहिली. एचएमटीच्या कांचनला तर लग्नात मोठा मान होता. १९९६ ला माझं लग्न झालं तेव्हा माझ्या वडिलांनीही जावयाला घड्याळ दिलं. त्यासाठी त्यांनी उसने पैसे घेतले होते, हे मला नंतर कळलं आणि त्याचं दुःख अजून आहे. माझ्या हातात हिरवा चुडा भरला. बाईच्या मनगटाला घड्याळ हवं, हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही, माझ्यासुद्धा.

आबांचं जनता अजून ट्रंकेत आहे. परवा ते काढलं आणि घड्याळ दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे घेऊन गेले. सोबत माझ्या घड्याळाचा तुटका पट्टाही होता. चाचांनी डोळ्याला भिंग लावलं, चाकूच्या टोकानं जनताचं मागचं झाकण उघडलं आणि झाकणाची आतली बाजू उजेडाकडे धरली. तिथे सुईनं कोरल्यासारख्या बारीक खुणा होत्या. १२-५-७९. त्याखाली ८३. मग ८८, त्यापुढे उर्दूतलं एक अक्षर. चाचा म्हणाले, "भाभी, हे अब्बांच्या हातचं आहे." प्रत्येक धुलाई-तेलपाणी झालं की कारागीर झाकणाच्या आत आपली खूण करून ठेवायचा, म्हणजे पुढच्या खेपेला कळायचं की मशीन कधी उघडलं होतं. मी मोजल्या, सहा खुणा होत्या. एकच घड्याळ सहा वेळा दुरुस्त होऊन आबांच्या मनगटावर शेवटपर्यंत राहिलं. जुनं द्यावं आणि नवीन घ्यावं, असं आबांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

नंतर सेलची घड्याळं आली. १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सेको कंपनीनं क्वार्ट्झचं पहिलं मनगटी घड्याळ विकायला काढलं. स्फटिकाचा तुकडा विजेवर सेकंदाला हजारो वेळा थरथरतो आणि त्यावर वेळ चालते, चावीची गरज उरत नाही. आपल्याकडे १९८७ पासून टायटननं ती लोकप्रिय केली. पुढे शंभर-दोनशे रुपयांतही घड्याळ मिळू लागलं. चाचांचं काम सेल आणि पट्ट्यावर आलं. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय केंद्र सरकारनं २०१६ मध्ये घेतला.

माझ्या मनगटावर पहिलं घड्याळ आलं ते आशाच्या पिशवीतून. २००९ ला मी आशा झाले. काही वर्षांनी नवजात बाळाच्या घरभेटींचं प्रशिक्षण झालं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळ बघायचं. त्यासाठी मिळालेल्या साहित्यात वजनकाटा, थर्मामीटर आणि एक काळं डिजिटल घड्याळ होतं. पिशोरच्या रस्त्यानं घड्याळ घालून पहिल्यांदा चालले तेव्हा बायका विचारायच्या, "कामून गं, नोकरी लागली का?"

या घरभेटींची मुळं आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत आहेत. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तिथल्या खेड्यांत गावच्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू केली. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. त्याआधी त्यांनी सुइणींसाठी एक साधन केलं होतं. ज्यांना पन्नास-साठपर्यंत आकडे मोजता येत नाहीत, त्यांनी न्यूमोनिया कसा ओळखायचा? त्यासाठी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सोबत सरकवायचे मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात, तर श्वास जास्त आहे. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. बाईला अक्षर येत नाही म्हणून त्यांनी तिला बाजूला काढलं नाही, घड्याळच तिच्या हाताजोगं केलं.

मोजायचं काय, तेही लिहिते, कारण हे प्रत्येक घरात माहीत असावं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल तर पुन्हा एक मिनिट मोजायचं. पुन्हा साठ किंवा जास्त आले तर तडक दवाखाना. दोन महिने ते वर्षाच्या बाळाला पन्नास, एक ते पाच वर्षांच्या मुलाला चाळीस. पोट उडत असेल, छाती आत ओढली जात असेल, तर मोजत बसायचंही नाही.

मग मी मुलानं सुचवलेल्या नवीन मॉडेलकडे या कामाच्या डोळ्यानं पाहिलं. त्यात ब्लूटूथवर बोलता येतं, हे जुन्यातही आहे. पडदा मोठा आणि उजळ, पण तो सतत चालू ठेवला तर बॅटरी दोन-तीन दिवसांत संपते. ठोके आणि ऑक्सिजन दोन्हीत दिसतात. एका आजीनं मला विचारलं होतं, हे घड्याळ बाळाच्या हाताला बांधून बघ की. बांधू नका. हे घड्याळ मोठ्या माणसाच्या मनगटासाठी आहे, उपचार ठरवायचं साधन नाही. बाळासाठी त्या आकड्याला काही अर्थ नाही.

राहिला अचूकपणा. दिवसात दहा मिनिटं मागे पडणारं घड्याळ एका मिनिटात अर्ध्या सेकंदानंही चुकत नाही. म्हणजे श्वास मोजायला आबांचं जनतासुद्धा चाललं असतं. अडचण वेळेची नव्हतीच. नजर बाळाच्या पोटावर हवी होती आणि मी ती घड्याळावर नेत होते. नवीन मॉडेलचा न विझणारा पडदा मला पुन्हा घड्याळाकडेच बघायला लावणार.

मुलाला म्हटलं, याच घड्याळात एका मिनिटाचा टायमर असेल तर लावून दे. होता. मिनिट भरलं की घड्याळ मनगटावर थरथरतं. डोळे बाळावर राहतात, मिनिट हाताला कळतं. तीन वर्षं तो टायमर तिथेच होता, मीच कधी पाहिला नव्हता.

नवीन घड्याळ घेतलं नाही. चाचांकडून दीडशे रुपयांचा पट्टा बसवला. साहित्यातल्या त्या काळ्या घड्याळात नवा सेल टाकून ते पिशवीत ठेवलं, मनगटावरचं बंद पडलं तर हाताशी असावं म्हणून. सध्याच्याची बॅटरी आठवड्याऐवजी चारच दिवस टिकते, ती आणखी उतरली की पुढचा विचार करू.

चौदाव्या दिवशी त्याच बाळाकडे गेले. टायमर लावला, दुपटं बाजूला केलं. शेहेचाळीस श्वास. वजन वाढलेलं. पुढची भेट एकविसाव्या दिवशी आहे.