पनामाचा कालवा कुणाच्या पाण्यावर चालतो?

मिराफ्लोरेसच्या व्हिजिटर सेंटरला लोक जहाज बघायला जातात. मीही त्यासाठीच गेलो होतो. दुपारी अटलांटिककडून आलेलं एक कंटेनर जहाज लॉकमध्ये शिरलं. दोन्ही बाजूंना जेमतेम दोन-दोन फूट जागा. काठावरच्या रुळांवरची इंजिनं (तिथे त्यांना चक्क ‘खेचरं’ म्हणतात) तारांनी त्याला सरळ धरून होती. बघता बघता ते अख्खं धूड खाली बसलं आणि गच्चीवर टाळ्या पडल्या. १९१४ पासून हे असंच चालू आहे, आणि पाणी चढवायला एकही पंप नाही. वरचं पाणी भिंतींतल्या बोगद्यांतून आपल्या वजनानेच खाली येतं, बस्स.

पण हे वरचं पाणी कुठलं? समुद्राचं नाही. चाग्रेस नदीवर गातूनला धरण बांधून केलेल्या तलावाचं गोडं पाणी, समुद्रसपाटीपासून २६ मीटर उंचावरचं. या जुन्या लॉक्समधून एक जहाज पलीकडे न्यायला साधारण २० कोटी लिटर पाणी समुद्रात सोडावं लागतं. आपल्या भाषेत, १० हजार लिटरचे २० हजार टँकर. एका जहाजाला!

तलावाआधी तिथे नुसतं रान होतं, असं आपण सहज धरून चालतो. साफ खोटं. चाग्रेसच्या काठी गातून, गोर्गोना अशी नांदती गावं होती. १८५५ पासून रेल्वे होती, केळीचा व्यापार होता. बुडणारी गावं तर उठवलीच; पण ५ डिसेंबर १९१२ ला अमेरिकेचे अध्यक्ष टाफ्ट यांनी कालव्यालगतचा सगळा पट्टाच ताब्यात घ्यायचा हुकूम काढला. म्हणजे न बुडणारी गावंही गेली. धरणग्रस्त म्हणावं, तर धरणाचं निमित्तही नाही.

३१ डिसेंबर १९९९ ला कालवा पनामाच्या हाती आला. २०२३ च्या दुष्काळात तलाव इतका आटला की रोजची ३६-३८ जहाजं पुढच्या जानेवारीत २४ वर आणावी लागली. आता उपाय म्हणून रिओ इंदिओ नदीवर नवं धरण ठरलंय. सुमारे २ हजार माणसं उठणार. या वेळी उठवणारं सरकार परकं नाही, त्यांचंच आहे. २०२५ मध्ये तिथले शेतकरी निषेध करायला होड्या घेऊन त्याच नदीत उतरले होते.