उदरभित्तीचे शारीर आणि तिच्या पृष्ठखुणा : एक ऐतिहासिक अभ्यास
(राजुरी, ता. जुन्नर परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :

मानवी देहातील मेंदू कवटीत सुरक्षित असतो, हृदय व फुफ्फुसे बरगड्यांच्या पिंजऱ्यात असतात. उदराला मात्र पुढच्या बाजूने हाडाचे कोणतेही कवच नाही. त्वचा, मेद, स्नायू आणि एक पातळ आवरण एवढ्यावरच आतील इंद्रियांचे रक्षण अवलंबून आहे. ही रचना एका अर्थाने दुर्बल आहे. पण याच कारणाने उदर हा शरीराचा असा भाग ठरतो की जेथे बाहेरून बोटांनी चाचपून आतील स्थितीचा अंदाज बांधता येतो. अशा अंदाजासाठी शरीराच्या पृष्ठभागावरील ज्या खुणांचा आधार घेतला जातो त्यांना येथे पृष्ठखुणा असे म्हटले आहे.

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील राजुरी हे आळेफाट्याच्या पूर्वेस, कल्याण–अहिल्यानगर मार्गावर वसलेले शेतीप्रधान गाव आहे. आळेफाट्याची कांद्याची आणि नारायणगावची टोमॅटोची बाजारपेठ या परिसराच्या अर्थकारणाचा कणा आहे. गोण्या व क्रेट उचलण्याचे काम येथील स्त्री-पुरुषांच्या रोजच्या जीवनाचा भाग आहे. अशा श्रमजीवी समाजात पोट, कूस, ओटीपोट, बेंबी, जांघ हे शब्द केवळ अवयवांची नावे राहत नाहीत. दुखणे कोठे आहे हे सांगण्याची ती भाषा असते. ही भाषा आणि वैद्यकाची भाषा यांची गाठ केव्हा पडली व केव्हा सुटली, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

उद्दिष्टे :

१) उदरभित्तीची रचना व तिच्या प्रमुख पृष्ठखुणा स्पष्ट करणे.
२) या ज्ञानाचा प्राचीन संहितांपासून मुंबई व पुणे येथील आधुनिक वैद्यकीय शिक्षणापर्यंतचा प्रवास पाहणे.
३) ग्रामीण रुग्णाच्या दृष्टीने या ज्ञानाचे महत्त्व तपासणे.

त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

उदरभित्तीची रचना :

उदराच्या पुढील भिंतीत मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना उभा सरळ स्नायू असतो. त्याच्या बाहेरील बाजूस तीन सपाट स्नायू एकावर एक पसरलेले असतात. सर्वांत वरच्या बाह्य तिर्यक स्नायूचे तंतू खिशात हात घातल्यावर बोटे ज्या दिशेने जातात त्या दिशेने, म्हणजे खाली व आत उतरतात. त्याखालील आंतर तिर्यक स्नायूचे तंतू बहुतांशी उलट दिशेने जातात, तर सर्वांत आतील स्नायूचे तंतू आडवे असतात. तीन दिशांच्या या तंतूंमुळे भिंतीला विणलेल्या वस्त्रासारखे बळ येते. तिन्ही स्नायूंची कंडरापटले मध्यरेषेत एकत्र येतात व तेथे शुभ्र रेषा तयार होते. तेथे स्नायू नसतो व रक्तवाहिन्याही थोड्या असतात. म्हणून पोट उघडताना शल्यचिकित्सक अनेकदा हाच मार्ग निवडतो.

या भिंतीतील दुर्बल जागाही ठरलेल्या आहेत. बेंबी ही नाळेची खूण असल्याने तेथे भिंतीचे बळ कमी असते. बेंबी व जघनसंधी यांच्या साधारण मध्यापासून खाली सरळ स्नायूच्या मागे कंडरापटल उरत नाही, केवळ पातळ आवरण राहते. जांघेच्या बंधाच्या आतील अर्ध्या भागाच्या वर सुमारे ४ सें.मी. लांबीचा तिरपा मार्ग असतो. पुरुषगर्भात वृषण याच मार्गाने खाली उतरते आणि पुढे तेथूनच आतडे बाहेर येण्याचा धोका राहतो. मराठीत यालाच अंतर्गळ म्हणतात. वैद्यकीय साहित्यात जांघेच्या अंतर्गळाची आयुष्यभरातील शक्यता पुरुषांत सुमारे २७ टक्के व स्त्रियांत सुमारे ३ टक्के सांगितली जाते. ओझे उचलताना पोटातील दाब वाढतो आणि मुळात असलेली दुर्बलता उघड होते.

सुश्रुतसंहितेतील पृष्ठखुणा :

भारतीय परंपरेत शवविच्छेदनाचे सर्वांत तपशीलवार वर्णन सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आढळते. विषाने न मेलेल्या, दीर्घ आजार नसलेल्या, सर्व अवयव शाबूत असलेल्या व अतिवृद्ध नसलेल्या व्यक्तीचे प्रेत घ्यावे, आतड्यांतील मळ काढावा, प्रेत गवताने वेढून पिंजऱ्यात घालावे व वाहत्या पाण्यात आडजागी ठेवावे. सात रात्रींनंतर ते बाहेर काढून वाळा, केस इत्यादींच्या कुंचीने हळूहळू घासत त्वचेपासून आतील प्रत्येक भाग डोळ्यांनी पाहावा, असे त्यात सांगितले आहे. प्रत्यक्ष पाहिलेले आणि शास्त्रात वाचलेले या दोहोंच्या मेळानेच ज्ञान वाढते, ही त्यामागची भूमिका आहे. मात्र कुजलेल्या शरीरात पातळ पटले व बारीक वाहिन्या टिकणे कठीण असल्याने या पद्धतीला स्वाभाविक मर्यादा होती.

शारीरस्थानापेक्षाही चिकित्सास्थानातील उदररोगाचा अध्याय प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. जलोदरात पाणी काढण्यासाठी बेंबीच्या खाली, रोमराजीपासून म्हणजे मध्यरेषेपासून डावीकडे चार अंगुळे सोडून वेध घ्यावा, असे तेथे सांगितले आहे. आतड्याचा मार्ग बंद झाल्यास छेद घेण्याची जागाही अशीच मोजली आहे. आजही पोटातील पाणी काढताना बहुधा डाव्या बाजूची खालची जागा पसंत केली जाते आणि सरळ स्नायूच्या बाहेरील कडेबाहेर सुई घातली जाते, कारण त्या स्नायूच्या मागून जाणारी रोहिणी दुखावू नये. सुश्रुताने हे कारण सांगितलेले नाही, पण जागा मात्र जवळपास तीच सांगितली आहे. शिवाय माप रुग्णाच्या स्वतःच्या अंगुळांनी घ्यावयाचे असल्याने ते देहानुसार बदलते.

याच ग्रंथात बेंबी हे सद्यःप्राणहर मर्म व सर्व शिरांचे मूळ मानले आहे. गर्भाचे पोषण नाळेतून होते, या निरीक्षणाचा विस्तार प्रौढ देहापर्यंत केल्याने ही कल्पना आली असावी. निरीक्षण खरे, अनुमान चुकीचे, असा हा प्रकार पुढे लोकवैद्यकातही दिसतो.

मुंबई व पुणे येथील शारीरशिक्षण :

युरोपात १५४३ मध्ये वेसालियसचा शारीरग्रंथ प्रसिद्ध झाला आणि विच्छेदनाधिष्ठित शारीराचा पाया घातला गेला. भारतात कलकत्ता मेडिकल कॉलेजची स्थापना १८३५ मध्ये झाली व १८३६ मध्ये मधुसूदन गुप्त यांनी तेथे शवविच्छेदन केले. मुंबईत त्याआधीच, १८२६ मध्ये, जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली नेटिव्ह मेडिकल इन्स्टिट्यूशन सुरू झाली होती. देशी भाषांतून वैद्यक शिकवण्याचा हा प्रयत्न १८३२ मध्ये बंद पडला. त्यानंतर मुंबईचे गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांनी वैद्यकीय महाविद्यालयाची कल्पना पुढे नेली. ग्रँट यांचे १८३८ मध्ये पुण्याजवळ दापोडी येथे निधन झाले आणि त्यांच्या नावाने ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. या महाविद्यालयाच्या पहिल्या पदवीधरांत, १८५१ मध्ये, डॉ. भाऊ दाजी लाड होते. पुण्यात बैरामजी जीजीभाई मेडिकल स्कूल १८७८ मध्ये स्थापन झाले व १९४६ मध्ये त्याचे महाविद्यालय झाले.

या स्थित्यंतराचा लाभ मोठा होता. विच्छेदनगृहात विद्यार्थ्याला प्रथमच थरामागून थर स्वतः उलगडता आला. पण ग्रँट मेडिकल कॉलेजचे अध्यापन इंग्रजीतून झाले आणि उदराचे नऊ भाग, शुभ्र रेषा, जांघेचा बंध यांची ओळख लॅटिन व इंग्रजी नावांनी झाली. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने विविध शास्त्रांचे परिभाषा कोश तयार केले. तरीही वैद्यकाच्या वर्गात मराठी परिभाषा रुजली नाही.

येथे आणखी एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. मुंबई शारीर अधिनियम, १९४९ अन्वये बेवारस मृतदेह मान्यताप्राप्त संस्थांना शारीर अभ्यासासाठी देण्याची तरतूद झाली. बेवारस देह हे बहुतांशी निर्धनांचे, गाव सोडून शहरात आलेल्यांचे असतात. म्हणजेच उदरभित्तीचे जे ज्ञान पाठ्यपुस्तकात स्थिरावले, त्यामागे अनेक अनामिक गरिबांचे देह आहेत. हे ज्ञान ज्या भाषेत परत यावयास हवे होते त्या भाषेत ते पुरेसे आले नाही.

बेंबी आणि मॅकबर्नी बिंदू :

या तुटलेल्या दुव्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे बेंबी सरकणे ही लोकसमजूत होय. पोटात दुखू लागले की बेंबीवर बोटे ठेवून ठोका पाहिला जातो. तो मध्यभागी लागला नाही तर बेंबी सरकली असे ठरते व पोट चोळून किंवा बेंबीवर तांब्या बसवून ती जागेवर आणली जाते. बोटांना लागणारा ठोका खरा असतो. तो मणक्यांच्या पुढून जाणाऱ्या महारोहिणीचा असतो आणि ही रोहिणी साधारण बेंबीच्या पातळीवर दुभंगते. बेंबी मात्र शुभ्र रेषेत पक्की बसलेली असल्याने सरकू शकत नाही.

न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये आंत्रपुच्छाच्या, म्हणजे अपेंडिक्सच्या दाहात दाबल्यावर सर्वाधिक दुखणारा बिंदू दाखवून दिला. कमरेच्या हाडाच्या उजव्या बाजूच्या पुढील टोकापासून बेंबीकडे जाणाऱ्या रेषेवर, टोकापासून दीड ते दोन इंचांवर हा बिंदू येतो. या विकारात सुरुवातीची वेदना बहुधा बेंबीभोवती जाणवते, कारण आंत्रपुच्छाच्या व बेंबीभोवतालच्या त्वचेच्या संवेदना मज्जारज्जूच्या एकाच पातळीवर, दहाव्या वक्षीय खंडात पोचतात. पुढे दाह भिंतीच्या आतील आवरणाला भिडला की वेदना उजवीकडे खाली येते.

याचा अर्थ असा की, दुखणे बेंबीपासून सरकले हे रुग्णाचे सांगणे अनेकदा निदानासाठी अत्यंत मोलाचे असते. सरकते ती वेदना, बेंबी नव्हे. हा एक भेद न उमगल्यास पोट चोळण्यात वेळ जातो, आंत्रपुच्छ फुटू शकते आणि जिवावर बेतते. तोच भेद मराठीत नीट सांगितला गेला तर रुग्णाचे शब्द हेच निदानाचे पहिले साधन ठरतात.

पुण्यातील अंतर्गळ-शस्त्रक्रिया :

उदरभित्तीच्या शारीराचा विचार पुणे जिल्ह्यात कसा पुढे गेला याचे उदाहरण अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेत मिळते. इटलीतील एदुआर्दो बास्सिनी यांनी १८८० च्या दशकात जांघेची मागील भिंत शिवून बळकट करण्याची पद्धत रूढ केली. पुढे अमेरिकेतील लिक्टेनस्टाइन यांनी ताण न देता कृत्रिम जाळी बसवण्याची पद्धत मांडली. त्यांचा यावरील प्रसिद्ध लेख १९८९ चा आहे. पुण्याचे शल्यचिकित्सक डॉ. मोहन देसर्डा यांनी २००१ मध्ये वेगळा मार्ग प्रसिद्ध केला. बाह्य तिर्यक स्नायूच्या कंडरापटलाची एक पट्टी, तिची दोन्ही टोके मूळ जागी जोडलेली ठेवून, मागील भिंतीवर शिवली जाते. पट्टी जिवंत राहते आणि पोटाचे स्नायू आकसले की तीही ताणली जाते. जाळीची गरज उरत नाही.

पोलंडमध्ये २०८ पुरुष रुग्णांवर झालेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत तीन वर्षांअखेर देसर्डा व लिक्टेनस्टाइन या दोन्ही गटांत प्रत्येकी दोनच रुग्णांत अंतर्गळ पुन्हा उद्भवला. तथापि २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी जाळीच्या पद्धतीलाच प्राधान्य दिले आणि बिनजाळीच्या पद्धतींत शोल्डाइस पद्धत श्रेष्ठ मानली. वाद संपलेला नाही. परंतु शंभर किलोमीटरच्या आसपास असलेल्या पुण्यात उपचारासाठी जाणाऱ्या राजुरीच्या शेतमजुराच्या दृष्टीने, स्वतःच्याच शरीरातील पटलाने भिंत दुरुस्त होऊ शकते व जाळीचा खर्च वाचू शकतो, ही शक्यता दुर्लक्षिण्यासारखी नाही.

निष्कर्ष :

१) उदरभित्तीच्या पृष्ठखुणा रुग्णाच्या देहावरच मोजल्या जातात. बेंबी, मध्यरेषा, कमरेच्या हाडाचे टोक व जांघ या खुणांसाठी यंत्र लागत नाही. म्हणून जेथे तपासणीची साधने अपुरी आहेत तेथे त्यांचे मोल अधिक आहे.

२) सुश्रुताची चार अंगुळे आणि मॅकबर्नीचे दोन इंच यांमध्ये काळाचे मोठे अंतर असले तरी पद्धत एकच आहे : बाहेरील खुणेवरून आतील जागा ठरवणे.

३) लोकवैद्यकातील निरीक्षणे टाकाऊ नाहीत, मात्र त्यांवरील अनुमाने विच्छेदनाच्या पुराव्यावर तपासली पाहिजेत.

४) गोळा होणे, सरकणे, जांघेत फुगवटा येणे ही रुग्णाची मराठी व शारीराची परिभाषा यांची सांगड आरोग्यसेवकांच्या प्रशिक्षणात व शालेय पाठांत घातली गेली पाहिजे.

एकूणच, अनामिकांच्या देहांवरून मिळालेले हे ज्ञान त्यांच्याच समाजाला समजेल अशा शब्दांत परत करणे, हे शारीरशास्त्राच्या मराठीतील अध्ययनापुढील महत्त्वाचे कार्य आहे. जांघेतील फुगवटा दाबूनही आत जाईनासा झाला आणि दुखू लागला, किंवा बेंबीपाशी सुरू झालेली वेदना उजव्या कुशीखाली उतरली, तर विलंब न करता रुग्णालय गाठावे, एवढे जरी राजुरीसारख्या गावातील प्रत्येक घरात माहीत झाले, तरी या शास्त्राच्या दीर्घ इतिहासाचे सार्थक होईल.