पिवळा सेज की पिवळी कोरांटी? अवसरीच्या उन्हात कोणतं झाड टिकेल?

'एकदा लावा, वर्षानुवर्षे पिवळी फुलं मिळवा' असं वाचून अनेक जण पिवळ्या सेजचं बियाणं ऑनलाइन शोधतात. पण आंबेगाव तालुक्यातल्या अवसरी खुर्दसारख्या गावात ते जगेल का? आणि त्याऐवजी काय लावता येईल?

सेज म्हणजे काय?

सेज म्हणजे साल्व्हिया. हे तुळशीच्या कुळातलं झाड. चिया सीड्ससुद्धा एका साल्व्हियाचंच बी. नर्सरीत हिवाळ्यात दिसणारा लाल साल्व्हिया मूळचा ब्राझीलचा. आपल्याकडे तो हंगामी फूलझाड म्हणून लावतात.

पिवळ्या फुलांचा बहुवर्षायू सेज मात्र थंड प्रदेशातला. साल्व्हिया ग्लुटिनोसा ही जात युरोप आणि पश्चिम आशियातल्या जंगलांच्या सावलीत वाढते. तिची एक जवळची जात हिमालयात उंचावर आढळते.

'हार्डी' शब्दाची गडबड

बियाण्याच्या पाकिटावर 'हार्डी' लिहिलेलं असतं. आपण त्याचा अर्थ 'काटक, कुठेही जगणारं' असा घेतो. पण युरोपातल्या बागकामाच्या भाषेत हार्डी म्हणजे हिमतुषार सोसणारं झाड. आपल्याकडे कस लागतो तो एप्रिल-मेच्या उन्हात. तालुक्याच्या पश्चिमेला भीमाशंकरच्या बाजूला धो धो पाऊस पडतो. पूर्वेकडे येताना तो कमी होत जातो आणि उन्हाळ्यात पाणी जपून वापरावं लागतं. ओलसर गारव्यात वाढणाऱ्या सेजला हे हवामान मानवणारं नाही.

मग पर्याय कोणता?

पिवळी कोरांटी, म्हणजेच काटेकोरांटी किंवा वज्रदंती. शास्त्रीय नाव बार्लेरिया प्रायोनायटिस. अबोली आणि अडुळसा याच कुळातले. झुडूप साधारण ३ ते ५ फूट वाढतं. पावसाळा सरताना पिवळी-केशरी फुलं यायला लागतात आणि थंडीत बहर असतो. फुलांना वास नसतो, पण पूजेला आणि वेणीला ती चालतात.

ओळखायची खूण म्हणजे पानांच्या बेचक्यातले अणकुचीदार काटे. जांभळ्या किंवा पांढऱ्या फुलांची, बिनकाट्यांची कोरांटी ही वेगळी जात.

लागवड कशी करायची?

- वेळ: जून-जुलै, चांगला पाऊस झाल्यावर.
- फांदी: पेन्सिलीएवढ्या जाडीची, ६ इंचांची. किमान दोन पेरं मातीत जातील अशी खोचा.
- जागा: दिवसातून ५-६ तास ऊन मिळेल अशी.
- माती: काळ्या मातीत पाणी साचतं, म्हणून तिच्यात वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळा. मुळाशी पाणी तुंबलं तर झाड कुजतं.
- अंतर: कुंपणासाठी दीड ते दोन फूट.
- पाणी: पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एक-दोनदा. मुळं खोल गेली की याहून कमी चालतं. कुंडीतल्या झाडाला मात्र नियमित पाणी लागतं.
- छाटणी: बहर संपल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये. नव्या फुटव्यांमुळे झुडूप भरगच्च होतं.

काळजी काय घ्यायची?

काट्यांमुळे शेळ्या दूर राहतात, पण मुलांच्या खेळायच्या जागेजवळ किंवा पायवाटेला खेटून लावू नका. पिकलेलं बोंड तडकून बी लांब उडतं. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात ही कोरांटी उपद्रवी तण ठरली आहे. आपल्याकडे ती स्थानिक आहे, तरी नको तिथली रोपं वेळीच उपटा. पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर तेवढी फांदी कापून टाका.

पानांवर अळ्या दिसल्या तर लगेच औषध फवारू नका. लेमन पॅन्सी या फुलपाखराच्या अळ्या कोरांटीची पानं खातात. थोडी पानं गेली तरी झाड पुन्हा फुटतं.

दातांसाठी वापरावी का?

वज्रदंती हे नाव दातांवरच्या पारंपरिक वापरामुळे पडलं आहे. आयुर्वेदात ती सहचर म्हणून ओळखली जाते. पण दात दुखत असेल तर घरगुती प्रयोगाऐवजी डॉक्टरांकडे जा.

रोप कुठे मिळेल?

गावात जुनी घरं, देवळाची आवारं, शेताचे बांध इथे कोरांटी शोधा. मालकाला विचारून पावसाळ्यात दोन-चार फांद्या आणल्या, तर पाकिटावर पैसे घालवायची गरज नाही.